वेशीचं माप

गंगावेशीत वेस नाही.
रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर तिथंच सोडतो,
दूध-कट्ट्यापाशी, जिथं म्हशी उभ्या
आणि धारोष्ण ग्लासासाठी पैलवान तिष्ठत.

माझ्या हातात महापालिकेचा तक्ता:
वास्तूचं नाव, अंदाजे साल, बांधकाम, सद्यःस्थिती.
टेपचं दुसरं टोक धरायला बाबालाल गवंडी,
वय त्र्याहत्तर, गुडघे त्याहून जुने.

‘वेस कुठं होती?’
त्यानं तंबाखू गालात सारली,
रस्त्याच्या मधोमध हात केला.
‘हितनं हितवर कमान. हत्ती अंबारीसकट जायचा म्हणं.
आता टेम्पो वळताना आडकतोय.’

‘आणि दगड?’
‘दगड कुठं जातोय, साहेब? पाडला की दुसरीकडं कामाला लागतोय.’

मग दाखवत हिंडला.
तालमीच्या जोत्यात तटाचे चार, लाल मातीनं माखलेले.
गिरणीची पायरी, पिठानं पांढरी.
एक नुसताच, बोळाच्या कोपऱ्यात,
गाड्यांची चाकं खाऊन गुळगुळीत.

काशव्वा अथणेंच्या दारात धुण्याचा दगड.
त्यावर अक्षरं, उलटी,
साबणानं झिजलेली.
काशव्वांनी मान वाकडी केली, बोट फिरवलं.
‘ह्यो एक आमच्या क-गत दिसतोय. बाकीचं गेलं वाहून.’
लग्न होऊन आल्याला साठ वर्षं झाली,
अजून ‘आमच्या’ म्हणतात.
सीमा पेटली की एस्टी अलीकडंच थांबते,
मग भाऊ कोगनोळीला उतरून
शेंगाचटणीची पिशवी घेऊन नाका चालत ओलांडतो.

‘दानाचं असेल,’ मी म्हणालो, ‘कुणी काय दिलं ते.’
‘दिल्यालंच आसंल.
घेतल्यालं कोण दगडावर लिवतंय?’
आणि लुगडं पुन्हा आपटायला घेतलं
त्या क वर.

संध्याकाळी परत गंगावेशीत.
सद्यःस्थितीच्या रकान्यात ‘अस्तित्वात नाही’ लिहिलं,
आणि तरी टेप ताणला.
हॉर्न वाजले. कोणीतरी आईवरून शिवी दिली.
एक म्हैस टेपखालून गेली, मान जराशी झुकवून.

अठरा फूट चार इंच. नुसती हवा.

पलीकडून बाबालाल ओरडला,
‘धरलोय मी! पण साहेब,
मी आत हाय का भायेर?’