नसलेली पाटी

तंबू पडला होता कृष्णेच्या पुळणीवर.
वर नव्या पुलाच्या कमानी अर्ध्यावर आलेल्या,
खाली मी, हातात कर्णा, अंगात मावसभावाचा कोट.
पडद्यावर पाटी उमटली की मोठ्यानं वाचायची.
रात्रीचे सहा आणे आणि एक चहा.

चित्रं बोलत नव्हती अजून.
तंबूत आवाज होता तो माझा,
पेटीवाल्या हुसेनचा
आणि शेंगा फोडणाऱ्या तीनशे माणसांचा.

खेळ दरबारी. हसवणारा. प्रेमाचा.
राजाची मुलगी भाळते विडे लावणाऱ्यावर,
तो विड्यात चिठ्ठ्या घालतो, वर लवंग टोचतो,
आणि भलताच विडा जातो राजाच्या तोंडात.
राजा चावतो, थांबतो,
जिभेवरून दोन बोटांनी काढतो ‘प्राणप्रिये’.

राजकन्या म्हणजे आमचा बसाप्पा आरळी.
हरिपूरच्या पेवांतून हळद उपसणारा.
आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही
तर मग माणूस.
कोल्हापूरच्या कंपनीनं त्याचे डोळे पाहिले,
मिशी काढली, नथ चढवली,
हातांची हळद तेवढी निघाली नाही.
पिवळं फिल्मवर काळं उमटतं म्हणे.
सगळ्यांना वाटलं, मेंदी.

बायका बसायच्या पडद्यामागं.
तिकडून राजवाडा उलटा,
तलवारी डावखुऱ्या, अक्षरं आरशातली.
त्यांच्यात नीलव्वा, बसाप्पाची बायको.
दीड वर्षानं नवऱ्याला बघत होती,
उलटा, मुका, शालू नेसलेला.
खरा बसाप्पा अलीकडं, पुरुषांत,
त्याच दुपारी मोटारीतून उतरलेला,
मिशी अर्धी उगवलेली, टोपी भुवयांवर.
घरी जायचं धाडस झालं नव्हतं.

सज्जातला प्रसंग आला.
राजकन्येनं विडा उलगडला, वाचलं,
आणि हसली, गालाला खळी पाडून.

पडद्यामागून आवाज आला, स्वच्छ:
“आमच्याम्होरं कदी असं हसला न्हाईसा वो!”

तंबू गडगडला.
हुसेनची बोटं भलत्याच पट्टीवर पडली.
आणि तेवढ्यात फिल्म तुटली.

पांढऱ्या कापडावर नुसता उजेड.
त्यात एक सावली उठली, डोंगराएवढी.
तो पडद्याकडं चालत निघाला
तशी लहान होत गेली, लहान,
कापडाशी पोचली तेव्हा बरोबर बसाप्पाएवढी.
पलीकडून कापड एका जागी
जरासं पुढं आलं. बोटाच्या पेराएवढं.

लोक ओरडायला लागले,
पाटी वाच! ए कोटवाल्या, पाटी वाच!

पाटी कुठली? मी कर्णा तोंडाला लावला:
“महाराज, दरबार आटपा.
घरी वांगं भाजायला घातलंय.”

पुढं फिल्म जोडली, राजकन्येचं लग्न लागलं,
राजानं स्वतःच्या हातानं विडा दिला,
पण तिकडं कुणाचं लक्ष होतं!
मिरजेत, तासगावात, विट्याला
मी त्याच जागी तीच पाटी वाचत राहिलो.
फिल्म तुटायची नाही, लोक तरी हसायचे.
कुठं लिहिलंय ते, असं
एकानंही विचारलं नाही.

मग चित्रं स्वतःच बोलायला लागली.
बसाप्पा पुन्हा पेवात उतरू लागला,
आधी कंदील, मग तो.
मावसभावानं कोट परत मागितला.