आमच्यातून

शोकसभेचं भाषण दारूवाला साहेबांनी लिहून दिलं
आणि स्वतः रॉटरडॅमला निघून गेले.
"तू वाच, क्षमा. तुझा आवाज स्वच्छ आहे."
बॅलार्ड इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर,
डबा विसळून झाल्यावर मी लाल पेन घेऊन बसले.

नामं कळत होती. क्रियापदंही.
अडवत होते ते दोन-दोन अक्षरांचे बारके.
द एस्टीम इन विच ही वॉज हेल्ड.
आदर, ज्याच्या आत ते धरलेले होते.
कुणी धरलं? आत कसे गेले?
नारिंग्रेकरांना होल्ड माहीत होता
तो जहाजाच्या पोटातला, दोन नंबरचा,
जिथे उभं राहून तुरीची पोती मोजायचे,
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी,
धूळ नाकात, पेन्सिल कानावर.

इंग्रजी 'इन' पुढे चालतो
हायकोर्टातल्या चोपदारासारखा,
मागून जज्ज येतोय का हे न बघता.
आमचा 'त' मागून येतो, बोट धरून,
आणि चालताना आईलाच थोडं वाकवतो:
घोडा असतो, त्याचा घोड्यात होतो.

पुढच्या ओळीत, टेकन फ्रॉम अमंग अस.
फ्रॉम, आणि लगेच अमंग.
दोन चोपदार, जज्ज एकच.
एक खोडायला पेन टेकवलं.
मग ओठातल्या ओठात मराठीत म्हणून पाहिलं.
आमच्यातून.
आमच्या. त. ऊन.
म्हणजे आम्हीही जोडतोच की,
आमची शिवण दिसत नाही इतकंच.
पेनाला टोपण लावलं.

सभेत एकदाही अडखळले नाही.
युनियनचे लोक, दोन कॅप्टन, चहावाला मुरुगन,
सगळे इंग्रजीत गप्प बसले.

नंतर नारिंग्रेकर वहिनी जवळ आल्या,
हातात न प्यायलेला चहा.
"ते इन, इन काय म्हणत होतीस गं?"
म्हटलं, मान. त्यांना मान होता, असं.
वहिनींनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.
"त्यांना होता
की त्यांचा होता?"

खाली गोदीत कसला तरी भोंगा झाला.
लाल पेन पर्समध्येच होतं.