वीस अंश

आगुश्तीन तांडेलाने होकायंत्र आणून
माझ्या टेबलावर आपटलं.
"हळू," मी म्हटलं, "आपटलं की चुंबक आपला गुण विसरतो."
"गुण कसला, बाय? दिशाच विसरलंय ते."

पहाटे शापोऱ्याच्या मुखाकडे निघालेली स्टेला मारिस
धुक्यातून बाहेर आली ती केरीच्या वाळूसमोर,
तेरेखोलच्या तोंडाशी.
बावीस मैलांत वीस अंशांची चूक,
जीपीएसची बॅटरी मेलेली,
आणि सुकाणूवर ओडिशाचा पोरगा, दैतारी.
सगळ्या शिव्या त्याच्याच वाट्याला आलेल्या.
तो दाराबाहेर उभा होता, आत यायचं की नाही ते न ठरवता.

माझं दुकान म्हणजे खोटं बोलणाऱ्यांचा बाजार:
पंख्यांच्या मोटारी, पंप, मिक्सर,
तियात्राचे कर्णे, जत्रेतले भोंगे.
इथे कुठली सुई खरं सांगणार?
होकायंत्र उचललं, बाहेर फणसाखाली
लाकडी स्टुलावर ठेवलं.
सुई थरथरली, डोलली,
आणि नदीपलीकडे, मोरजीकडे तोंड करून गप्प झाली.
बिचारी शहाणीच होती.

माझा बाप डिचोलीच्या खाणीवर होता.
तिथला लाल दगड लोखंडाचाच,
पण चुंबकाला तो फारशी दाद देत नाही.
लहानपणी मी मोरजीच्या वाळूतून
दोऱ्याला बांधलेला चुंबक ओढत न्यायची
तेव्हा काळे कण मात्र दाढीसारखे उभे राहायचे.
नुसतं लोखंड असून भागत नाही.
आतले अब्जावधी बारके चुंबक
एका दिशेला तोंड करून उभे राहावे लागतात,
नाहीतर एकाची ओढ दुसरा खाऊन टाकतो.
तापवलं की त्यांची रांग मोडते.
आणि चुंबक मधोमध तोडला
तर एकटं उत्तर हाती येत नाही,
प्रत्येक तुकडा आपली दोन टोकं घेऊनच जन्मतो.
हे मी नववीत प्रयोगशाळेतला चुंबक फोडून शिकले,
आणि त्याचे अकरा रुपये भरले.

"चल," मी दैतारीला म्हटलं, "बोट दाखव."

केबिनमध्ये होकायंत्राच्या कोनाड्यामागे,
उदबत्तीच्या राखेशेजारी,
एक निळा स्पीकर.
मागच्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारातून घेतलेला.
रात्री सुकाणू धरताना तो गावाकडची गाणी लावायचा, अगदी हळू,
तांडेलाची झोप मोडू नये म्हणून कानाजवळ.

मी होकायंत्र कोनाड्यात बसवलं. सुई वळली.
स्पीकर हातभर मागे घेतला. सुई निम्मी परतली.
आणखी हातभर. आणखी.
आगुश्तीन बघत होता. शिव्या देताना मोठा असतो त्याचा आवाज,
आता खाकरला फक्त.

"गाणं वाजत नसलं तरी?"
"तरी. पाठीला चुंबकाची जाड चकती आहे याच्या.
वीज वेटोळ्यातून वाहते तेव्हा वेटोळंही चुंबक होतं,
दोघांची ढकलाढकली होते, कागद हलतो,
आणि त्याला आपण गाणं म्हणतो.
वीज थांबली की वेटोळं सुटतं.
चकती सुटत नाही."

"मग समुद्रात टाकू?"

"मागे बांध, बर्फाच्या खणापाशी.
दूर गेलं की, अंतर दुप्पट केलंस तर
ओढ आठव्या हिश्श्यावर येते.
पृथ्वीची ओढ मुळात दुबळीच.
तिचं ऐकायचं असेल
तर जवळच्यांना थोडं लांब बसवावं लागतं."

दैतारीने पहिल्यांदाच तोंड उघडलं:
"आणि गाणं? तेही आठव्या हिश्श्यावर?"

"नाही रे. गाणं इतक्या लवकर विरत नाही.
आवाज थोडा वाढव."

मजुरी म्हणून बांगडे मिळाले, अठरा.
तांडेलाने दैतारीला काही म्हटलं नाही,
फक्त स्पीकर बांधताना सुंभाची गाठ स्वतः घातली.

घरी आले. दोन्ही हात माशांनी भरलेले.
फ्रिजचं दार पायाने लोटलं,
उरलेल्या दोन बोटांचं अंतर
रबरातल्या पट्टीने आपणहून मिटवलं.
टप्प.