गोडं पाणी

सासूबाईंचा फोन शुक्रवारी येतो.
इकडची सुट्टी बदलली, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.
"गोड बातमी कधी?"
मी म्हणते, आई, रोजच देते की,
दोन शहरं पितात.

फुजैराच्या जरा वर, किदफ्याला, आमचा प्लांट.
समुद्र आत ओढायचा, पडद्यांतून दाबायचा.
गोडं पाणी एका नळीत,
उरलेलं दुसऱ्या: जड, कोमट, आधीपेक्षा खारट,
ते परत समुद्राला.
किती गोडाला किती खार
याचं रजिस्टर तेरा वर्षं माझ्या अक्षरात आहे.

तर हाही हिशेब मी करणारच ना.

येणाऱ्याला कुणी विचारलेलं नसेल.
त्याचा व्हिसा बापाच्या नावावर,
बापाचा कंपनीच्या.
समोरच्या वर्गीसांचा नोएल इथेच जन्मला.
वडिलांची नोकरी गेली, घरी जायचं ठरलं,
तर म्हणाला, "कुठल्या?"
त्याची आई कपबश्या कागदात गुंडाळतच राहिली.

आणि मला मूल हवं ते कशाला?
म्हातारपणी कुणी असावं म्हणून?
मग ते माणूस मागवणंच झालं,
करार न वाचून दाखवता,
पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून.

अवधूत म्हणतो, फार मोजतेस.
आपल्याला तरी कुणी विचारलं होतं?
तरी काल कलिंगड खाताना हसलीसच की.
हसले खरी. रवाळ होतं, इराणचं,
मनगटापर्यंत ओघळत होतं.
न आलेल्याला दुःख नाही, मान्य.
कलिंगडही नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

पडद्यातून आलेलं पाणी इतकं कोरं असतं
की नळच खायला लागतं.
चुनखडीच्या थरातून सोडून
त्याला पुन्हा थोडा दगड चाखवावा लागतो,
तेव्हा कुठे ते माणसाच्या पोटात जाण्याजोगं होतं.
माझं उत्तर तसं आलंय.
एक चूक सापडत नाही त्यात,
आणि पिववतही नाही.

या शुक्रवारी मीच विचारलं,
आई, तुम्हाला अवधूत हवा होता का?

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
तिसरीला त्यांनी गॅस बंद केला.
"मला कुणी विचारलंच नव्हतं गं," म्हणाल्या.
मग जरा थांबून,
"तिकडे उकडतंय का फार?"