शेरा

वजन करताना आम्ही पंखा बंद करतो.
जालन्यात, मे महिन्यात, पत्र्याच्या लॅबमध्ये.
काट्याला वारा चालत नाही.
माझा श्वासही त्याला जड होतो,
शेवटचा आकडा थरथरत राहतो
आणि मी तोंड फिरवून थांबते.

पट्टी नंबर चारशे सतरा.
साधं पोलाद, बोटाएवढं लांब, एका टोकाला भोक.
नव्वद दिवसांपूर्वी चिमट्यानं उचलून
कूलिंग टॉवरच्या फाट्यावर, पाण्याच्या वाटेत
नायलॉनच्या बोल्टनं टांगली होती.
हात लावायचा नसतो.
बोटाचा ठसा राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.
वजन तेव्हा: अकरा पूर्णांक दोन आठ चार सहा.

मधल्या काळात हौदात
नळाचं पाणी आलं, मग आलंच नाही,
मग बोअरचं, दगडासारखं जड,
मग टँकरचं, कुठल्या विहिरीचं
ते ड्रायव्हरलाही धड सांगता येईना.
बोअरचं पाणी नळीला आतून पांढरं लिंपतं,
निदान झाकतं तरी.
मऊ पाणी उपाशी असतं,
जाईल तिथलं चाटून घेतं.
आणि अकरा दिवस मिल बंद होती.
अर्ध्या भरलेल्या नळीत पाणी नुसतं पडून.
वाहत्यापेक्षा पडलेलं पाणी जास्त खातं,
हे मला पुस्तकात फार उशिरा सापडलं.

रज्जाकभाई फिटर पाना घेऊन
नळ्यांवर टकटक करत जातात, कान लावतात.
"हा ठणकतो, ठीक. हा बघा, बद् बोलतोय.
ह्याच्यात काय राहिलं न्हाई, मॅडम."
मी विचारते, किती राहिलं? मिलिमीटरमध्ये?
ते म्हणतात, "बकरीईदपर्यंत."

पट्टी ॲसिडात धुतली, सुकवली, पुन्हा काट्यावर.
अकरा पूर्णांक शून्य सात एक तीन.
ज्वारीचे सात दाणे जातील एवढी घट.
भागाकार केला: वर्षाला दोन मिलच्या जरा आत.
मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग,
हे बाकलीवाल साहेबांना तीनदा सांगून झालंय.
"मर्यादा तीन ना? मग पास."

गेल्या साली आमच्या मंडळातही
पाऊस सरासरीच्या शंभर टक्के झाला.
दोन रात्रींत.

मी पट्टी भिंगाखाली धरली.
सगळीकडं करडी, गुळगुळीत.
खालच्या कडेला एक खळगा.
सुई टेकवली, सुई आत गेली.
बाकीची पट्टी जशीच्या तशी,
सगळी भूक एकाच जागी बसलेली.

खाली गेले. ज्या कोपऱ्यावर पाना बद् बोलला होता
तिथं नळीला घाम आला होता.
थेंब नव्हे, घाम.
ती नळी भट्टीकडं जाते.
भट्टीपाशी लक्ष्मण गाडेकर काळा चष्मा लावून
वितळल्या भंगारात बघत उभा.
पाणी आणि हा रस भेटले तर काय होतं
ते त्याला माहीत आहे, म्हणून तो विचारत नाही.

भट्टी थांबवायची की नाही, बावीस मिनिटं वाद.
तेवढ्यात रज्जाकभाईंनी लिंबाची खुंटी तासली,
सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळली, ठोकली.
"लाकूड फुगंल, धरून ठेवील. सोमवारी नळी बदला."

रजिस्टरात खळग्याला रकाना नाही.
शेऱ्याच्या जागी साहेबांनी आधीच
पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: समाधानकारक.
मी ते खोडलं नाही. त्याच्यापुढं
शाईनं एक टिंब दिलं,
खालच्या चार पानांवर उमटलं.

सोमवारी नळी बदलली नाही.
मंगळवारी बदलली.
जुनी दोन दिवस उन्हात वाळवली
आणि आमच्याच भट्टीत टाकली, भंगारासोबत,
खुंटीसकट.
लक्ष्मण म्हणाला, क्षणभर
लाकडाचा वास आला.