नळीतली हवा

"धर," ती खालून म्हणते.
मी धरतो.
बुटाखाली पेडल बसत जातं,
ओल्या मातीत कुंपणाचा खांब बसावा तसं.
चाकामागे पाना कुरकुरतो,
आणि बरणीत (आलुबुखारच्या चटणीची,
लेबल अर्धं निघालेलं)
काहीतरी पिवळं फुसफुसतं.
"सोड."

ती मला दिसत नाही.
दिसतं ते धुळकट काचेतून अंगण,
दोरीवरची चादर, रिओनीपलीकडचा डोंगर,
त्याचाही आता फक्त रंग कळतो.
कुताइसीच्या डॉक्टरनं
लायसन्स टेबलावर ठेवायला लावलं,
त्याला दोन वर्षं होतील.
तेव्हापासून निवा ख्वारामझेची.
चावी तिची, पाने तिचे, जॅकही तिचा.
माझ्याकडे उरलाय हा उजवा पाय.

"धर."

मंगळवारी ती उशिरा आली.
हात धुतले, चीज कापलं,
म्हणाली, रस्त्यात मेंढ्या होत्या.
गुरुवारी बोंदोनं सांगितलं, दारू ओतता ओतता, सहज,
मला ठाऊकच असेल असं समजून:
ऊत्सेराच्या उताराला होज फुटला,
पेडल गेलं तळाला,
तुझ्या पोरीनं दुसरा टाकला, मग पहिला,
हँडब्रेक ओढला एकेक दात मोजत,
आणि गाडीचं नाक खडकाला घासत घासत
थांबवली.
मागच्या सीटवर दवाखान्याचे खोके
आणि एक बाळंतीण.
माझा पेला भरला होता. तसाच राहिला.

तो होज गेल्या पानगळीत
मीच अंगठ्यानं चाचपला होता.
"काढेल अजून एक हिवाळा," म्हणालो होतो,
चाळीस वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाच्या आवाजात.
वाकवून पाहिला असता तर चिरा बोलल्या असत्या.
पण वाकवलं की बघावं लागतं,
आणि बघायला डोळे लागतात,
आणि हे मला तिला सांगायचं नव्हतं.

"सोड."
"धर."

नवा होज काळा कुळकुळीत,
दोन्ही टोकांना तांब्याच्या नव्या चकत्या.
जुन्या चकत्या तिनं खिडकीच्या फळीवर ठेवल्यात,
का, ते विचारलं नाही.
बाटलीतलं तेल वर ओतत राहायचं, ती बजावते,
टाकी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.
जणू मला माहीत नाही.
जणू तिला हे कुणी शिकवलं नाही,
अकरा वर्षांची होती, पाय पेडलपर्यंत पुरत नव्हता,
ती सीटच्या कडेवर बसून माझ्या हाकांची वाट बघायची.

"धर."
धरतो. मांडी थरथरते.
पाना अजून सैलच आहे आणि माझा पाय
वर येतो,
तिनं म्हणायच्या आधी.

गुर्र्क. नळीनं हवा ओढून घेतली.
अर्ध्या तासाची मेहनत
एका घोटात.

खाली शांत.
कोंबडी चादरीखालून पलीकडे गेली.
"पुन्हा," ती म्हणाली. एवढंच.

मग मी काचेकडे बघतच विचारलं:
"मेंढ्या किती होत्या?"
पाना थांबला.
बराच वेळ बरणीतसुद्धा काही हललं नाही.
"बोंदोला तोंड आवरत नाही," ती म्हणाली.
आणि मग: "होज मीही बघितला होता, बाबा.
वाकवून.
तुम्ही म्हणालात, म्हणून ठेवला."

"धर."

बुडबुडे आधी वाटाण्याएवढे,
मग मोहरीएवढे, मग नुसता फेस.
मी बघत नव्हतो, तीच सांगत होती,
हळूहळू तिचं सांगणं जरा लांबत गेलं.
पेडल वर आलं. टणक झालं,
दाबलं तर उलट दाबणारं.
पत्र्यावर सांडलेल्या थेंबावर तिनं
तांब्याभर पाणी ओतलं, रंग खाऊ नये म्हणून.

संध्याकाळी फाटकापर्यंत गेलो, ती चालवत, मी शेजारी.
उतार जेमतेम. तिनं ब्रेक मारला.
गाडी जागच्या जागी उभी.
माझाही पाय इकडे
जोरात दाबला गेला होता,
नुसत्या रबरी पायपोसावर.
तिनं पाहिलं.
"सोडा आता," म्हणाली.