यजमान

नेत्रावळीच्या नाक्याशी, वनखात्याच्या पत्र्याच्या खोलीत
मी काचपट्ट्या वाळवत बसते.
काल मेलेल्या गव्याच्या कानातलं रक्त
गीम्साच्या रंगात बुडून जांभळं झालंय,
जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तसं.

तेलाचा थेंब. शंभराचं भिंग. थोडं डावीकडे.
तांबड्या पेशीत दोघं जण,
टोकाला टोक लावून.
पुस्तकात लिहितात, पेरच्या आकाराचे.
इथे पेर कुणी लावलेत?
मी म्हणते, काजूची दोन बोंडं, देठाला देठ.

नोंदवहीत एक रकाना आहे : यजमान.
एका नावापुरती जागा.
मी लिहिलं होतं, गवा.
सोमवारी पुनो वेळीप म्हैस ओढत घेऊन आला,
तिच्यातही तेच. दिसायला तरी तेच.
मग ट्रकखाली आलेला मेरू.
आता नावं तिरकी, कडेकडेनं,
रेघ ओलांडून शेजारच्या 'शेरा'त शिरलीत.

उदमांजराकडे वेगळंच बिऱ्हाड :
पांढऱ्या पेशीत, लांबट, औषधाच्या गोळीसारखं.
ते चाव्यातून येत नाही.
अंग चाटताना गोचीड गिळली जाते, तिच्यातून.
एवढी स्वच्छतेची हौस!
भेकरात काहीच नाही. तेही लिहावं लागतं.

पुनोला भिंगातून दाखवलं.
एक डोळा मिटून तो बराच वेळ वाकून राहिला.
"हांकां शीम कळना गे बाये," म्हणाला,
आणि लगेच, दूध काढू की नको?
एप्रिलात गवे आणि त्याची म्हैस
एकाच कोंडीवर उतरतात,
त्याबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.

संध्याकाळी, रंग नीट चढतोय का बघायला
मी माझंच बोट टोचलं.
पेशी न् पेशी धुंडाळली.
झाडून काढलेलं अंगण. कुणी नाही.
बरं वाटायला हवं होतं, वाटलंही.
तरी काच जरा जास्तच सरकवत राहिले,
कुणी यायचं राहिलंय अशी.

दिवा मालवताना
पिशवीच्या पट्ट्यावर एक गोचीड,
पुढचे दोन पाय उचलून, माझ्या श्वासाकडे.
चिमट्यानं धरून स्पिरिटात टाकली.
चिठ्ठीवर तारीख, ठिकाण.
यजमान या शब्दापुढे
पेन इतका वेळ टेकवून धरलं
की तिथे शाईचा एक ठिपका फुगत गेला.